काशीच्या नावाची नोटीस

गोदाचं, म्हणजे आपल्या धाकट्या लेकीचं, लग्न झालं त्या वर्षी, १९८८ च्या श्रावणात, भिकाजी शिपायाने नव्या प्रिंटरमधून निघालेली नोटीस खिडकीपाशी नेली, हात लांब करून धरली आणि बोट लावून वाचू लागला. दुसऱ्याच ओळीत बोट अडलं.

"कुसुमताई, अक्षरं मोडलीत ह्यात. निसते ठिपके दिसतात."

"फास्टवर लावलाय ना," कॉम्प्युटरसमोरून कुसुम म्हणाली. "चारशे नोटिसा आहेत, भिकाजीकाका. उद्या दुपारच्या टपालात पडायला हव्यात."

बागायतदार सोसायटीचे सेक्रेटरी अभ्यंकर यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वाचता येतंय की. मी नाही का वाचली?"

"तुमी शब्द बगून वळकता, सायेब. आमी एकेक अक्षर लावतो. एक निखळलं की सगळा शब्द जातो."

"आता तूच मला वाचायला शिकव!"

भिकाजी हसला, पण कागद खाली ठेवला नाही. चाळिशी उलटल्यावर प्रौढ वर्गात तो अक्षरं शिकला होता, आणि गेली दोन वर्षं बायकोला, काशीला, शिकवत होता. माहेरची पूर्णगडाकडची आंब्याची सात कलमं तिच्या वाट्याला आली, तेव्हापासून ती सोसायटीची सभासद होती. वार्षिक सभेची तिची नोटीस दरसाल भिकाजीच खिशातून घरी न्यायचा, काय आहे ते तोंडी सांगायचा आणि सभेत तिच्या वतीने बसायचा. यंदा तिने बजावलं होतं, "माजी नोटीस टपालाने येऊ दे. मी वाचनार. तुमी तोंड उघडायचं नाय." हे कचेरीत कसं सांगावं, ते त्याला कळेना.

कुसुमने प्रिंटर स्लोवर लावला. प्रत्येक ओळीवरून तो दोनदा फिरू लागला. अक्षरं भरीव उमटली, पण एका पानाला दीड मिनिट गेलं.

"ह्या चालीने गणपती घरी येतील आणि नोटिसा इथेच," अभ्यंकर म्हणाले.

कुसुमने पुस्तिका उघडली, मग प्रिंटरचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. मागच्या आठवड्यात कार्बनच्या जाड पावत्या छापताना छापणारी सुई कागदापासून लांब ठेवायला तिने बाजूचा खटका मागे ओढला होता, तो तसाच राहिला होता. तिने तो दोन घरं पुढे ढकलला. आता फास्टवरही शाई नीट लागू लागली. तारीख, वेळ, ठिकाण आणि खालच्या सूचना तेवढ्या तिने स्लोवर टाकल्या. पान चाळीस सेकंदांत बाहेर आलं.

भिकाजीने बोट फिरवलं. कुठे अडलं नाही.

"झालं समाधान?" अभ्यंकरांनी विचारलं.

"झालं, सायेब. च्या आनू?"

काशीच्या नोटिशीवर त्याने स्वतःच तिकीट लावलं आणि ती बाकीच्या नोटिसांत सरकवून दिली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा काशी पडवीत बसली होती. दुपारपासून वाचत ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचली होती.

"सभासदाने... स्वतः... उपस्थित राहावे." तिने मान वर केली. "स्वतः मंजे मी?"

"तूच."

"दर वर्साला लिवलेलं असतं?"

भिकाजीने टोपी काढून खुंटीला लावली. "असेल."

"आनि तुमी काय वाचायचात?"

"मी खालपर्यंत जायचोच नाय गो. तारीख बगितली, वेळ बगितली, की घडी घालायची."

काशी हसू दाबत म्हणाली, "मास्तर मोठे!" मग जरा वेळाने, "यंदा मी येनार."

"ये की."

सभेच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून दुसऱ्या रांगेत बसली. भिकाजी चहाचा ट्रे घेऊन फिरत तिच्यापर्यंत आला. काशी जमाखर्चाचा कागद बोट लावून वाचत होती. मान वर न करता तिने कप उचलला, बाकीचे सभासद उचलतात तसा. भिकाजी क्षणभर तिथेच थांबला, मग पुढच्या माणसाकडे वळला.

पुढच्या दोन वर्षांच्या सभांनाही काशी गेली. भिकाजी १९९१ च्या माघात वारला.