दुसऱ्या वर्गाचा चंद्र

माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं आणि अज्ञानाचा काळोख कायमचा फिटला. आमच्या मिनेसोटातल्या शाळेत मात्र आठवीची पोरं अजून समजत होती, की पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो. आणि त्यातल्या एका वर्गाने डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत तसंच समजत राहावं, म्हणून मार्नी ट्वेट देव पाण्यात घालून बसली होती.

मार्नी विद्यापीठातून आमच्या शाळेत प्रयोग करायला आलेली. एका वर्गाने पेन्सिलीला टोचलेला थर्माकोलचा गोळा दिव्यासमोर धरून फिरायचं, दुसऱ्याने नुसतं पुस्तक वाचायचं, शेवटी दोघांची एकच परीक्षा. फरक दिसला तर डॉक्टरेट. नाहीतर वडिलांच्या दुकानात खिळे विकणं.

दोन्ही वर्गांना शिकवणार होत्या आमच्या विज्ञानाच्या बाई, डार्लीन कोल्स्टाड. मार्नीने गोळेवाल्यांना कपकेक आणले, तर डार्लीनबाईंनी दुसऱ्याच दिवशी पुस्तकवाल्यांसाठी घरून करून आणले. मार्नीला ते गोड वाटलं. मी शेजारी इतिहास शिकवायचो. मला तेव्हाच धडकी भरायला हवी होती.

पुढे मार्नीची झोप उडाली. भरदिवसा चंद्र दिसला, की ती पुस्तकवाल्यांचा पडदा ओढायची.

"मिस, पडदा का?" कॉर्बिनने विचारलं.

"ऊन येतंय."

"ऊन पलीकडच्या खिडकीत आहे."

परीक्षेच्या दिवशी ती पुस्तकवाल्या वर्गात फिरत होती. कॉर्बिनच्या कागदापाशी ती थबकली. उत्तर बरोबर होतं. शेजारणीचंही. मागच्या बाकावर झोपणाऱ्याचंसुद्धा.

"कॉर्बिन, हे तुला कुठून कळलं?"

"गोळा धरून फिरलो ना."

पोरं गेल्यावर डार्लीनबाई म्हणाल्या, "अगं, बिचारी पोरं दारातून टकामका बघायची. एका वर्गाला द्यायचं नि दुसऱ्याला नाही, असं आमच्यात करत नाहीत."

"पण त्यांना न कळणं, हेच तर त्यांचं काम होतं. मी तुम्हाला लेखी दिलं होतं."

"ते खरंच म्हणत होतीस होय? मला वाटलं, विद्यापीठाचं आहे, काहीतरी लिहावंच लागत असेल."

मार्नी पोरांच्या खुर्चीत मटकन बसली. "आता विद्यापीठात माझ्या सरांना काय सांगू?"

"सांग, दोन्ही वर्गांना कळलं."

मार्नी उठून गोळे खोक्यात भरू लागली. डार्लीनबाई जरा घुटमळल्या.

"ते ठेवून जातेस का? नाताळचे स्नोमॅन करायचेत. आणि अजून थोडे असतील तर बघ. दोन वर्ग आहेत."