चौकटींची अदलाबदल

वरंधच्या आवडीबाईचा मुलगा अक्षय ठाण्याची नोकरी सोडून गावी परत आला, तो मधमाश्यांपायी. परसात फणसाखाली त्याने पाच पेट्या मांडल्या आणि आवडीचं घर पुन्हा घर झालं. नवरा गेल्यापासून ती भिंतींशी बोलायची. आता पोरगा समोर बसून जेवत होता. बाईने आणखी काय मागावं?

म्हणूनच तो मित्राच्या लग्नाला ठाण्याला गेला आणि कडेची पेटी मलूल दिसायला लागली, तेव्हा ती दिवसातून दहादा परसात जाऊन बघायला लागली. बाकीच्या पेट्यांच्या दारात ही झुंबड, आणि हिच्यात एखाददुसरी माशी, तीही रडतखडत. "फक्त बघ, उघडू नको," असं अक्षयने बजावलं होतं. पण जन्मभर भात लावलेली बाई ती! लावणीनंतर रोप मेलं की दाट जागचं उपटून तिथे खोचायचं, एवढंच तिला ठाऊक. तिने धूर दिला आणि पेट्या उघडल्या. भरल्या पेट्यांतल्या, अळ्यांचं पोळं धरलेल्या लाकडी चौकटी आजारी पेटीत घातल्या, तिथल्या चौकटी भरल्या पेट्यांत. एक पेटी तेवढी राहिली, कारण तोवर माश्यांनी तिचा हात सुजवून टाकला होता.

अक्षय आला तेव्हा सगळं सारखं दिसत होतं. ती मनात खूश झाली आणि गप्प बसली.

महिन्याभरात पेट्या खरोखरच सारख्या झाल्या. एकीपाठोपाठ एक मलूल.

त्या सकाळी अक्षय एकेक चौकट उन्हात धरून बघत होता. अळ्या पोळ्याच्या घरात उभ्याच मेलेल्या, आत पाणी धरलेल्या. दुसरी पेटी तशीच, तिसरीही. आवडी मागे उभी राहून देवाचा धावा करत होती. निदान एक तरी चांगली निघू दे रे बाबा.

हात न लावलेली पेटी चांगली निघाली.

"वाचली रे!" ती ओरडलीच. मग तिला राहवलं नाही. "मी चौकटी हलवल्या रे बाळा. तू नव्हतास तवा."

"ठाऊक हाय गो आये. चौकटींवर पेटीच्या नंबराच्या खुणा हायत माझ्या."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने चांगल्या पेटीचं झाकण नीट बसवलं.

"ही आजच शिवथरला माझ्या दोस्ताच्या, सुशांतच्या बागेत नेतो. तिकडं दुसऱ्या माश्या नायत. हितं ठेवली तर रोग लागून हीपण मरंल. बाकीच्या पेट्यांतली पोळी जाळायची."

"मग हितं काय करशील तू?"

अक्षयने हात पुसले, खिशातून फोन काढला आणि तिच्याकडे पाठ केली.

"सर, ठाण्यातली माझी जागा भरली का हो?"

पलीकडचा माणूस काय म्हणाला ते आवडीला ऐकू आलं नाही. अक्षय "थँक यू सर, येतो" म्हणाला, तेवढं ऐकू आलं.