कठड्याच्या खाटेची कबुली

मित्रांनो, बालगृहाच्या कोठीत भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी खाट म्हणजे मी. चारी बाजूंनी कठडे असलेली, तान्ह्या बाळांची. माझी कहाणी गोड नाही; पण ती सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायचं नाही.

एका सुताराने मला मन लावून घडवलं. कुठे कुसळ राहिलं नाही ना, हे पाहायला तो प्रत्येक दांडीवर स्वतःचा गाल घासायचा. मग बालकल्याण कचेरीने मला नेलं. ‘प्रत्येक बाळाला स्वतंत्र अंथरूण’ हा त्यांचा नियम. मला वाटलं, नशीब काढलं!

डोंगरातल्या एका आदिवासी घरी मला पोचवलं. तिथे एक आजी आणि तिची आठ महिन्यांची नात. नातीची आई बाळंतपणातच गेलेली. आजीने मला निरखलं आणि आपल्या बोलीत शेजारणीला विचारलं, “बाळाला कुणी पिंजऱ्यात घालतं का गं?”

त्यांच्यात मूल चालू लागेपर्यंत अंगावेगळं निजवत नाहीत. एकटं निजलेलं मूल दचकतं, असं ते मानतात. पण घरात आलेली वस्तू वाया कशी घालवायची? आजीने माझ्यात सरपण रचलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय! आज त्याची लाज वाटते.

महिन्याभराने पाहणीचे साहेब आले. बाळ जमिनीवर आजीच्या पोटाशी, आणि खाटेत लाकडं. साहेबांना तिची बोली येत नव्हती, तिला त्यांची भाषा. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी दरडावून विचारलं. पाहुण्याला सरपण हवंय, असं समजून आजीने हसत हसत चांगली वाळकी मोळी त्यांच्यापुढे ठेवली. साहेबांनी कागदावर लिहिलं, ‘बाळाची हेळसांड. खाटेत सरपण.’

दुसऱ्या दिवशी गाडी आली. बाळाला नेलं, आणि सरकारी माल म्हणून सरपणासकट मलाही. काय चुकलं ते आजीला तेव्हा उमगलं. ती गाडीमागे धावत ओरडत होती, “लाकडं काढते! आत्ता काढते!” गाडीतल्या एकालाही ते कळलं नाही.

बालगृहात बाळ माझ्यात निजू लागलं. आठ दिवस कठड्यातून हात बाहेर काढून रडलं. मग रडायचं थांबलं. “किती गुणी पोर!” तिथल्या मावशी म्हणाल्या. माझंही कौतुक झालं. ते मला दांडीदांडीत टोचलं.

तीन वर्षांनी कचेरीत एक नवी ताई आली, त्याच डोंगरातली. जुने कागद वाचताना तिने कपाळावर हात मारून घेतला. ती आजीच्या घरी गेली, जमिनीवर बसली, सगळं ऐकलं. मग वरिष्ठांशी भांडून तिने नियम बदलून घेतला : आधी घराची रीत विचारा, मगच लिहा.

नात परत द्यायचं ठरलं, आणि आजी तिला न्यायला बालगृहात आली. तिने हात पसरले. पोर ताईच्या मागे दडली आणि बालगृहाच्या भाषेत म्हणाली, “ही म्हातारी कोण?”

“काय म्हणते गं माझं बाळ?” आजीने विचारलं.

दोन्ही भाषा येणाऱ्या ताईने मागे दडलेल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, “म्हणते, इतके दिवस कुठे होतीस?”

आजीने स्वतःचे कान धरले. “चुकलं माझं, बाळा. माझंच चुकलं.”

मित्रांनो, तिचं काही चुकलं नव्हतं. उद्या कुणाच्या दारी मदत घेऊन जाल, तेव्हा आधी तिथे बसा आणि विचारा, “तुमच्यात बाळाला कसं निजवतात?” मला घेऊन येणाऱ्यांपैकी कुणीही ते विचारलं नव्हतं.