बेडोकच्या गीझरला ठोकलेलं बूच

मित्रांनो, जुना म्हणावा एवढा मी जुना नाही. दोनच वर्षांचा गीझर आहे मी. तरी सिंगापूरच्या बेडोक भागातल्या एका एचडीबी ब्लॉकखाली, म्हणजे सरकारी वसाहतीच्या इमारतीखाली, कोणीतरी टाकून दिलेल्या गादीशेजारी पडलोय.

कारखान्यात मला फार निगुतीनं बनवलं होतं. पोटात जाड टाकी आणि बाजूला छोटा पितळी व्हॉल्व्ह. पाणी तापलं की फुगतं, आणि जास्तीचा दाब त्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतो. त्या थेंबांसाठी नळी लावावी, मला चार बोल्टांवर पक्क्या भिंतीत टांगावं आणि हे काम लायसन्सवाल्या माणसानंच करावं, असं माझ्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

मला विकत घेतलं शिरीषनं. चांगी बिझनेस पार्कमध्ये मॅनेजर आहे तो. अख्ख्या फ्लॅटचं नूतनीकरण केलं, ओट्याला महागडा दगड बसवला, आणि काटकसर सुचली ती माझ्या वेळी. त्याची बायको मीनल पुस्तिका वाचून म्हणाली, "अरे, लायसन्सवाला प्लंबर हवा म्हणतायत."

"अगं, सिंगापूर आहे हे. इथे वाईट काम कोण करतं?" शिरीष म्हणाला. मग ऑफिसच्या ग्रुपवर कोणी सुचवलेला स्वस्तातला माणूस आला. त्यानं तासाभरात मला दोन स्क्रूंवर लटकवलं आणि नळी काही बसवलीच नाही. थेंब फरशीवर पडू लागले. एकदा मीनलचा पाय घसरला, तेव्हा शिरीष स्टुलावर चढला आणि त्यानं व्हॉल्व्हला चक्क बूच ठोकलं. "झालं, गळती बंद," म्हणाला. गळती कसली, कपाळ माझं! श्वास होता तो माझा.

तरीही मी राबलो. बादल्या भरभरून कढत पाणी दिलं. पाहुणे आले की शिरीष माझं कौतुक करायचा, आणि मला मनातून संताप यायचा.

यंदा त्याचे वडील, आबा, पिंपरीहून राहायला आले. उभी हयात कारखान्याच्या बॉयलरवर काढलेली. पहिल्याच दिवशी मान वर करून म्हणाले, "शिरीष, हे बूच कोणी मारलं? काढ ते आधी."

"आबा, तुमच्या कारखान्यातलं इथे नका आणू," शिरीष म्हणाला. आबा रोज सांगत राहिले. तो रोज "बघतो" म्हणत राहिला.

एका सकाळी पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा माझा थर्मोस्टॅट अडकला. हो, अडकला, नाकारत नाही. अशा वेळेसाठीच तर तो व्हॉल्व्ह होता. पाणी उकळून मी गडगडू लागलो. खाली शिरीष-मीनलची सात वर्षांची इरा दात घासत होती. आबांनी आवाज ओळखला, धावत येऊन बाहेरचं बटण बंद केलं आणि नातीला दंडाला धरून ओढलं. तेवढ्यात माझ्या नळीचा जोड निसटला आणि उकळतं पाणी उसळलं. आबांचा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला.

शेजारी चौकशीला आले तेव्हा शिरीष म्हणाला, "आबांनी काहीतरी फिरवलं असणार. त्यांना इथलं सवयीचं नाही ना." मीनलला सगळं ठाऊक होतं. ती चहा करायला आत गेली. आबांनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "असेल."

मित्रांनो, त्या 'असेल'चं जेवढं वाईट वाटलं, तेवढं मला त्या उकळत्या पाण्याचंही वाटलं नाही.

आज दुपारी बँडेज बांधलेले आबा इराबरोबर खाली आले. माझ्यावर शिरीषनं 'स्पॉइल्ट', म्हणजे बिघडलेला, असा कागद चिकटवलाय. तो वाचून इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बट आबा, यू टोल्ड हिम फर्स्ट, लाह. मग तुम्ही काही बोलला का नाही?"

आबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

तुमच्या घरी गीझर बसवायला माणूस आला, तर पुस्तिका उघडून त्याच्यासमोर धरा. बूच दिसलं तर विचारा, आणि कोणी "बघतो" म्हणालं तर पुन्हा विचारा. भीड धरू नका, पोटच्या मुलाचीही नाही. आबांनी ती धरली. वर शिरीषच्या घरात तोच स्वस्तातला माणूस नवा गीझर बसवतोय, आणि उद्या सकाळी इरा त्याच्याखाली दात घासायला उभी राहणार आहे.