शंभर किलोचा पट्टा

सकाळी आठलाच वजनकाटा गोदामाच्या मधोमध आणून ठेवला आणि धाकटी नोंदवही घेऊन त्याच्याशेजारी उभी राहिली. रांगेत बावीस माणसं होती. शेवटून दुसरी उभी होती तिची सख्खी थोरली बहीण.

गोदाम तयार खाण्याच्या पाकिटांचं. नूडल्स, चिप्स, क्रीमची बिस्किटं, गोड सरबतांच्या बाटल्या, सगळं खोक्यांत भरून पार छतापर्यंत रचलेलं. वरची खोकी काढायला एक यंत्र होतं, त्याला सगळे पाळणा म्हणत. पाळण्यात उभं राहायचं, अंगाला पट्टा अडकवायचा आणि तीन मजले वर जायचं. थोरली आठ वर्षं हेच करत होती. उंचीच्या कामाचा वेगळा भत्ता मिळे. अंथरुणाला खिळलेला नवरा, सासू, दोन मुली आणि ती स्वतः, अशा पाच जणांचं घर त्या भत्त्यावर तग धरून होतं.

मागच्या महिन्यात कंपनीच्या दुसऱ्या गोदामात पट्टा तुटला आणि एक माणूस पाठीवर आपटला. तेव्हा कुठे पट्ट्यावरची बारीक अक्षरं कुणीतरी वाचली: भार शंभर किलोपर्यंत. म्हणून आज हा काटा. वजन घेण्याचं काम धाकटीकडे होतं, कारण सुरक्षेचा कोर्स केलेली ती एकटीच. त्या कोर्सची फी भरली होती थोरलीनं.

थोरली काट्यावर चढली. बूट काढलेले, खिसे रिकामे. काट्यानं एकशे सहा दाखवलं.

"ताई..." धाकटीनं आकड्याकडे बोट दाखवलं.

"दोन दिवस पाण्यावर काढलेत," थोरली ओठ न हलवता म्हणाली. "अठ्ठ्याण्णव लिही."

"अगं, पट्टा तुटला तर?"

"आठ वर्षांत तुटला नाही, आजच बरा तुटेल! भत्ता गेला तर मात्र घर तुटेल. लिही म्हणते ना."

मागून शिट्टी वाजली. सुपरवायझर गळ्यात कायम शिट्टी घालून फिरे, म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलं होतं. "काय खलबतं चाललीत बहिणी-बहिणींची? आटपा!"

धाकटीनं अठ्ठ्याण्णव लिहिलं.

दुपारपर्यंत तिचं कशातच लक्ष लागेना. जेवणाच्या सुट्टीत ती थोरलीशेजारी जाऊन बसली. थोरलीनं नूडल्सचं एक चेपलेलं पाकीट फोडलं, कपात गरम पाणी ओतलं आणि वाट पाहत बसली. मार बसलेला माल कामगारांना दर शुक्रवारी मातीमोल भावात मिळे. थोरली दोन खोकी उचलायची, आठवडा निघायचा.

"हे रोज खाऊ नकोस गं," धाकटी म्हणाली. "निदान गाजरं, कोबी, काहीतरी..."

थोरलीनं कप खाली ठेवला. "तुला एकटीचं पोट आहे, तू खा गाजरं. एका कोबीच्या पैशात हे असं मी पाच जणांना पोटभर घालते. आणि कोबी रांधायला घरी जाऊन हात चालायला हवेत ना! मला काय, फुगून बसायची हौस आहे?"

धाकटी आपला डबा बंद करून उठली. 

तीन वाजता थोरली पाळण्यात चढली. धाकटी खालून बघत होती. पाळणा एक मजला गेला, दोन गेला, वर जाऊन थांबला. हवं ते खोकं फळीच्या आतल्या कोपऱ्यात सरकलेलं होतं. थोरलीनं एक पाय कठड्यावर टेकवला आणि सगळा भार पट्ट्यावर टाकून ती बाहेर झुकली. पट्टा ताणला गेला. कुठेतरी करकर वाजलं. फळी होती की पट्टा, कळायला मार्ग नव्हता.

 धाकटी धावली. यंत्राच्या बुडाशी एक पिवळी दांडी असते, ती ओढली की पाळणा आपोआप खाली उतरतो.

"ताई, आत हो! आत हो आधी!" ती किंचाळली. थोरली दचकून मागे झाली, तशी धाकटीनं दोन्ही हातांनी दांडी ओढली.

पाळणा कण्हत कण्हत खाली आला. माणसं गोळा झाली, शिट्टी पळत आला.

"काय झालं? यंत्र बिघडलं?"

"नाही," धाकटी धापा टाकत म्हणाली. "मी खोटं लिहिलंय. तिचं वजन एकशे सहा आहे."

थोरलीनं तिच्याकडे असं पाहिलं की ते पाहणं धाकटी जन्मात विसरली नाही.  मग थोरलीनं पट्टा सोडला आणि जमिनीवर टाकून दिला.

शिट्टीच्या खोलीत दोघी उभ्या राहिल्या. तो माणूस वाईट नव्हता. डोकं धरून म्हणाला, "दीडशे किलोचा पट्टा मिळतो हो बाजारात. मी तीनदा मागितला. वरचे म्हणतात, महाग पडतो."

थोरली हसली, पण हसू कडवट होतं. "म्हणजे कंपनीलासुद्धा स्वस्तातलंच परवडतं. मग माझ्या ताटात डोकावता कशाला?"

थोरलीचा भत्ता बंद झाला. खोटी नोंद केली म्हणून धाकटीचं काम काढून घेतलं आणि तिला लेबलं चिकटवायच्या टेबलावर बसवलं. थोरलीही त्याच टेबलावर. अकरा दिवस दोघी समोरासमोर बसून लेबलं चिकटवत राहिल्या, अबोला धरून.

त्याच दिवसांत दुसऱ्याच माणसाच्या हातात नोंदी गेल्या. त्यानं सगळ्यांची वजनं नव्यानं घेतली. बावीसपैकी नऊ जण शंभराच्या वर निघाले. पहिल्या दिवशी सकाळच्या गडबडीत कुणी काट्यावर नीट उभंच राहिलं नव्हतं, कुणाचा एक पाय जमिनीलाच टेकलेला होता. नऊ जण खाली बसवले तर माल काढणार कोण? बाराव्या दिवशी जाड पट्टे आले. थोरली पुन्हा वर गेली, भत्ता सुरू झाला. शुक्रवारची खोकी मात्र तशीच राहिली, त्याच भावात.

अबोला मोडला तो धाकटीनंच. एका रविवारी ती पिशवीभर भाजी घेऊन थोरलीच्या दारात उभी राहिली.

"भीक घालायला आलीस?" थोरली दार अडवून म्हणाली.

"नाही. माझा एका चुलीचा गॅस आणि एकटीचं पातेलं. एकटीपुरतं रांधलं की उरतं, सडतं, पैसे वाया जातात. आठवड्यातून तीनदा तुझ्या घरी मोठं पातेलं चढवते. भाजी माझी, डाळ तुझी. चिरायला मुली आहेतच."

थोरलीनं पिशवीत डोकावून पाहिलं. "त्या दिवशी मी पडले असते, असं वाटतं तुला?"

"माहीत नाही, ताई. मला ते बघवत नव्हतं, एवढंच."

थोरली दारातून बाजूला झाली. "सासूबाईंना कोबी आवडत नाही, आधीच सांगते," ती म्हणाली आणि पिशवी तिच्या हातातून घेतली.