मांडीवरचं मडकं

माझी कंबर सात वर्सं दुखतीय. जळकोटात ज्यानं त्यानं औषध सांगितलं, कुणी लेप, कुणी तेल, एकानं तर मंतरलेला दोरा. सगळं केलं, कंबर हाय तशीच.

येळवसला, म्हंजी मार्गशीर्षातल्या अमावास्येला, शेतात पाच दगडांचे पांडव मांडून पूजायला जातो आमी. आंबिलीचं मडकं डोक्यावर न्यायचा मान थोरल्या सुनेचा, म्हंजी माझा. सासूबाईंनी बजावलं होतं, "धुरपदे, वाटंत मडकं भुईला ठेवायचं न्हाय."

गेल्या साली आदल्या दिवशी कंबर जरा हलकी वाटली अन् म्या बया हुरळले! भज्जीसाठी पालेभाज्या अन् शेंगा निवडल्या, बाजरीचे उंडे वळले, वर सगळं अंगण सारवलं. सकाळी बाजंवरून उठताच येईना. मडकं माझ्या धाकट्या जावेनं, कस्तुराबाईनं नेलं. सांजच्याला म्हणती, "अक्का, आता मडकं माझ्याकडंच असू द्या." म्या भिंतीकडं तोंड करून रडले.

मग सून शिवकन्येनं मला तुळजापूरला व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई म्हणल्या, "दुखणं जाईलच असं नाही, पण त्याच्यासंगं नांदता येतं. बरं वाटलं म्हणून सगळं काम एकदम उरकू नका. दुखायच्या आधी थांबा." लई राग आला मला. जन्मात कुणी थांब म्हणलं नव्हतं!

पण शिवकन्या खमकी. चार भाकरी झाल्या की काठवट ओढून घेती, "आत्या, उठा, पाय मोकळे करा." सकाळी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, मग पडल्या पडल्या गुडघे पोटाशी. आधी लिंबापतूर चालले, मग मारुतीपतूर, दिवाळीला ओढ्याच्या पुलापतूर. लई दुखलं तर थोडं चालायचं, पण चालायचंच. मालक हसायचे, "मिलिट्रीत भरती व्हायचंय का?"

यंदा आदल्या दिवशी कंबर पुन्ना हलकी. हात नुसते शिवशिवत होते. तरी दोन उंडे वळले अन् गप बसले.

सकाळी मडकं डोक्यावर घेऊन निघाले. पुलापाशी कळ आली. कस्तुरा मागून पळतच आली, "अक्का, द्या हिकडं!"

म्या कठड्यावर बसले. शिवकन्येनं मडकं उतरवून माझ्या मांडीवर दिलं.

"आवं, वाटंत बसतेत व्हय?" कस्तुरा म्हणली.

"मडकं भुईला ठेवू नको म्हणल्यात सासूबाई. धुरपदीनं बसू नये, असं कधी म्हणल्या?"

कस्तुराचं तोंड बघण्यासारखं झालं! म्या सावकाश दम घेतला, पाय हलवले, उठले. पुढं आणखी दोनदा बसले, सगळ्यांच्या देखत. कसली लाज?

पांडवांपुढं मडकं माझ्या हातानं उतरवलं. कंबर दुखतच होती. दुखू दे. मालकांनी आंबिलीचा पयला पेला मला दिला. पलीकडं कस्तुरा खाली बसताना गुडघा धरून हळूच कण्हली.

"उद्या सकाळी ये चालायला," म्या म्हणलं. "फकस्त लिंबापतूर. अन् मडक्याचं पुढच्या सालीबी नाव काढू नको."

ती हसली, अन् म्या माझा पेला तिच्या हातात दिला.