शनिवारची डुलकी

त्या शनिवारीही ती चाराला पाच मिनिटं कमी असताना आईच्या दारात हजर झाली. एका हातात पुस्तकाची पिशवी, दुसऱ्या हातात बेकरीतला लिंबाचा केक, मोजून दोन तुकडे, आणि नाक थंडीने लालबुंद. कडी वाजवायच्या आधीच आतून आवाज आला, "चिऊ, पाय पूस. गेल्या खेपेला अर्धा रस्ता घरात आणला होतास."

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीही ती चिऊच होती. छापखान्यात तिला सगळे 'बाई' म्हणत आणि जरा वचकूनच असत. ती मुद्रितं तपासायची. कुठे एक ओळ गळली, कुठे परिच्छेद खालीवर झाला, तर ते तिच्या नजरेतून सुटायचं नाही, आणि ज्याच्या हातून झालं त्याची धडगत नसायची. आठवड्याचे पाच दिवस ती परक्यांसाठी मनात वाचायची आणि शनिवारी आईसाठी मोठ्याने.

तीन वर्षांपूर्वी आईच्या दोन्ही डोळ्यांत बरोबर मध्यावर डाग पडला. कडेचं दिसायचं, मधलं पुसल्यासारखं व्हायचं. "माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही," असं ती सगळ्यांना सांगायची. "तसं बरंच आहे. तुझ्या वडिलांकडचे नातेवाईक आता कितीतरी देखणे वाटतात." विणकाम अडलं नाही, कारण ते तिची बोटंच पाहायची. वाचन मात्र गेलं. भाजी चिरताना पुस्तक डब्याला टेकवून वाचणारी बाई ती. पानांवर हळदीची बोटं उमटली म्हणून ग्रंथालयात बोलणीही खाल्लेली. तेव्हापासून शनिवार ठरला. चार ते साडेसहा वाचन, मधे चहा आणि केक. आईचा सगळा आठवडा त्या अडीच तासांकडे डोळे लावून बसलेला असायचा.

खोलीत शिरताच तिच्या अंगावर काटा आला. हीटर चालू होता आणि खिडकी सताड उघडी होती.

"बाहेर काय थंडी आहे आणि खिडकी उघडी? वेड लागलंय का तुला?"

आईच्या सुया क्षणभर थांबल्या. "जरा हवा येऊ दे म्हटलं," ती म्हणाली.

तिने खिडकी धाडकन लावून घेतली. आईच्या कपाळावरचे केस ओले होते, तेही तिला दिसलं. विचारलं नाही.

कादंबरी जहाजं बांधणाऱ्या एका घराण्याची होती, साडेआठशे पानांची. "चांगली जाडजूड आण, हिवाळा पुरला पाहिजे," असं आईनेच फर्मावलं होतं. आई शेगडीशी बसलेल्या मांजरासारखी खुर्चीत नीट जमून बसली आणि मांडीवरचा राखाडी मफलर पुढे विणायला लागली. साधी सरळ वीण, ओळीमागून ओळ. एके काळी तिच्या स्वेटरांवर वेण्या असायच्या, तीन-तीन पेडांच्या, एकमेकींत गुंतलेल्या. हल्ली वर्षभर मफलरच चालले होते.

तीन पानं वाचून झाली असतील नसतील, आई म्हणाली, "थांब. विधवा कोण? घड्याळजीची बायको? तो कधी मेला?"

"मागच्या शनिवारी."

"कसा?"

"तापाने. तुला डुलकी लागली होती."

"मला? अगं, माझ्या सुया चालू होत्या."

"सुया चालूच असतात आणि तू पेंगत असतेस. दर वेळचंच आहे, आई."

आईने मफलर चाचपला, ओठांतल्या ओठांत टाके मोजले. "असेल बाई," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बिचारा. मला आवडला होता तो."

घड्याळजी चांगला सव्वीस पानं घेऊन मेला होता. त्यातली बावीस तिने मागच्या शनिवारी वाचलीच नव्हती.

हे पहिल्यांदा घडलं तेव्हा त्यात लबाडी नव्हती. आदल्या हिवाळ्यात दोन पानं ओलीने एकमेकांना चिकटली होती. आईने विचारलं, "मधलं काही राहिलं का गं?" आणि दमलेल्या लेकीने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही, तुझाच डोळा लागला होता." पुस्तक परत करायच्या आधी ती पानं सुटी झाली आणि तिची चूक तिला कळली. पुढच्या शनिवारी सांगू, असं तिने ठरवलं. पुढच्या शनिवारी घसा बसला होता आणि समोर धुक्याचं सहा पानी वर्णन होतं. धुक्याचं काय एवढं! तिने ते उलटलं. आईने विचारलं. उत्तर तयारच होतं.

मग त्याची सवय झाली. आधी वर्णनं गेली, मग लांबलचक पत्रं, मग अख्खी प्रकरणं. छापखान्यात एका गळलेल्या ओळीवरून लोकांना फैलावर घेणारी बाई शनिवारी वीस-वीस पानं गिळून ढेकरही देत नव्हती. आईचा तिला कंटाळा होता असं मुळीच नाही. तिला फक्त साडेसहाऐवजी सहाला घरी निघायचं असायचं. तिथे तिची रजई होती, तिचं स्वतःचं पुस्तक होतं, आणि ते मोठ्याने वाचायचं नव्हतं.

त्या दिवशी ती पावणेसहालाच उठली. आई दारापर्यंत आली, चाचपडत तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मी पेंगले तर चिमटा काढ. खरंच काढ हं."

"काढीन," ती हसून म्हणाली, आणि जिना उतरली.

मंगळवारी सकाळी आईने चहा केला, खुर्चीत बसली आणि पुन्हा उठली नाही. हृदय थांबलं, इतकंच. फोन नर्सबाईंचा आला.

नर्सबाई म्हणजे आईची विणकामाची मैत्रीण, शेजारच्या जिन्यातली. पस्तीस वर्षं इस्पितळात काढल्यामुळे एका टोकाच्या खाटेवरून दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजातच त्या बोलायच्या. दर बुधवारी दुपारी चार-पाच जणी विणायला जमत, पण बाकीच्या आल्या-गेल्या तरी नर्सबाई ठरलेल्या. आई गेल्यानंतरच्या तिसऱ्या बुधवारी ती तिचं कपाट आवरत होती तेव्हाही त्या आल्या, काखेत लोकरीची पिशवी मारून.

"सवयीने पाय वळले गं," त्या दारातच म्हणाल्या. "अर्ध्या जिन्यावर आठवलं. म्हटलं, आता परत कुठे उतरू या गुडघ्यांनी!"

"बसा ना, मावशी. चहा टाकते."

चहा झाला. नर्सबाईंनी पिशवीतून मोजा काढला आणि टाच विणायला घेतली. ती कपाटातले स्वेटर काढून त्यांच्यासमोर रचत होती: वेण्यांचे, समोशांसारख्या त्रिकोणी नक्षीचे, बाह्यांवर पानं असलेले. तळाशी मफलर निघाले. एकसारखे, अकरा.

"हे एवढे कशाला विणून ठेवले हिने?" ती म्हणाली. "वेण्या किती सुंदर घालायची. सोडूनच दिल्या."

"सोडल्या नाहीत, सुटल्या," नर्सबाई म्हणाल्या. "वेणीला मोजदाद लागते. मध्येच डोळा लागला तर सगळा चुथडा. म्हणाली, आता मफलरच बरा, झोपेतसुद्धा बिघडत नाही."

तिच्या हातातला मफलर हातातच राहिला. "झोपेत?"

"तुला नव्हतं सांगायचं म्हणे. पण आता काय!" नर्सबाईंनी सुई केसांत खुपसली. "घाबरली होती गं ती. बसल्या बसल्या अर्धा अर्धा तास हरवतो आणि मला कळतसुद्धा नाही, म्हणायची. मी म्हटलं, चल, डोकं तपासू, शंभरातून सात सात वजा करत जा. माझ्या आधी खाली पोचली! वर म्हणते कशी, 'बाई, तुमचंच डोकं तपासून घ्या.' आम्ही दोघी इतक्या हसलो. पण ती काही निर्धास्त झाली नाही. 'मग शनिवारी मला होतं तरी काय?' हेच चालू."

"शनिवारी."

"शनिवारीच तर! इतर दिवशी नाही. म्हणून शनिवारी दुपारी जबरदस्तीने झोपून घ्यायची. तू यायच्या आधी गार पाण्याने तोंड धुवायची, ह्या थंडीत. खिडकी उघडून बसायची. सर्दीची गोळी बंद केली, तिने सुस्ती येते म्हणून. मी सांगत होते, लेकीला सांग, डॉक्टरकडे नेईल. तर हात जोडले तिने. 'चिऊला कळलं तर ती वाचायचं बंद करेल. झोपणाऱ्या बाईला कोण वाचून दाखवेल? माझ्याकडे तेवढंच आहे.'"

ती खाटेच्या कडेवर बसली. मांडीवर मफलर तसाच होता. तिने त्याच्या कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. बोटांना काहीतरी काम हवं होतं.

तिला ती ओली केसांची बट आठवली. 'वेड लागलंय का तुला' हे स्वतःचं वाक्य आठवलं, आणि थांबलेल्या सुया.

नर्सबाई जवळ सरकल्या. त्यांचा हात खरखरीत आणि उबदार होता. "वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. तू तुझं सगळं केलंस. एक शनिवार चुकवला नाहीस. बाकीच्या जणींच्या मुली महिन्यातून एकदा फोन करतात, आणि तोही दुसरं काहीतरी करताकरता." त्या थांबल्या आणि शक्य तितका आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि खरं सांगू? सुटली ती. वॉर्डात मी पाहिलंय ना, सुरुवात अशीच होते. आधी अर्धा तास हरवतो, मग दिवस, मग माणसं. अजून दोन वर्षांनी तिने तुला ओळखलंसुद्धा नसतं. मी आमच्या बुधवारच्या बायकांनाही तेच सांगितलं. शहाणी असताना गेली, नशीबवान."

इतकं सोपं होतं. नुसती मान हलवायची होती. नर्सबाईंनी दुसरा कप चहा घेतला असता, मोज्याची टाच पुरी केली असती, आणि त्या चार-पाच जणी आईबद्दल हळहळत राहिल्या असत्या: चांगली होती हो, शेवटी शेवटी जरा विसरायला लागली होती. कादंबरीत साडेचारशे पानांपूर्वी आलेल्या कुणा कामगाराच्या मुलीचं वय लक्षात ठेवणारी आई. सात सात वजा करत पहिली खाली पोचणारी आई. तिच्याबद्दल लोकांकडे एवढंच उरलं असतं, आणि तिची लेक एक शनिवार न चुकवणारी गुणी मुलगी ठरली असती.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, लेकीला असंच वाटतं. आपली आई—"

"नाही, मावशी. ऐका." ती अडखळली. पानं गाळताना कधी अडखळली नव्हती. "तिला काहीही झालं नव्हतं. ती झोपायची नाही. मी पानं गाळत होते."

नर्सबाईंच्या सुया थांबल्या. "म्हणजे?"

"वाचताना. मला लवकर घरी जायचं असायचं, म्हणून मी मधली पानं सोडून पुढचं वाचायचे. तिला कळायचं. प्रत्येक वेळी कळायचं, एकदाही चुकली नाही ती. तिने विचारलं की मी सांगायचे, तुला झोप लागली होती. दोन हिवाळे मी तिला हेच सांगितलं, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तुम्ही त्या सगळ्यांना सांगा, मावशी, मी सांगितलंय म्हणून सांगा. माझी आई जागी होती."